बाद फेरीआधी जुना चढाईपटू संघात घ्यावा का?

दिवाळी सरली, कापसाची पहिली वेचणी उरकली, की आपल्या सोयगाव तालुक्यात कबड्डीला रंग चढतो. गावोगावची मंडळे मैदान आखतात, बांबूला दिवे टांगतात आणि सामने पहाटेपर्यंत चालतात. बक्षिसाची रक्कम फार मोठी नसते, पण गावाच्या नावाची किंमत पैशात कुठे होते? या दिवसांत आमच्या दवाखान्यातही गर्दी बदलते. सर्दी-खोकल्याच्या रुग्णांमध्ये मुरगळलेले घोटे, सुजलेले गुडघे आणि निखळलेली बोटे घेऊन आलेली तरुण मुले दिसू लागतात.

यंदा एका मंडळाचे कार्यकर्ते मात्र दुखणे घेऊन नव्हे, तर प्रश्न घेऊन आले. त्यांचा संघ साखळी सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला होता आणि बाद फेरीला दोन आठवडे उरले होते. त्यांच्या पहिल्या चढाईपटूचा घोटा मुरगळला होता. गावात एक जुना चढाईपटू आहे, वय ३६. एके काळी त्याच्या चढाया पाहायला शेजारच्या गावांतून माणसे येत. तीन वर्षांपूर्वी सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया काही केली नाही. गेली दोन वर्षे तो एकही सामना खेळलेला नाही, पण शेतीची सगळी कामे करतो. त्याला बाद फेरीसाठी संघात घ्यावे की नाही, यावरून मंडळात दोन तट पडले होते. निम्मे म्हणत, ‘जुने ते सोने.’ निम्मे म्हणत, ‘त्याचे दिवस गेले.’ डॉक्टरांनी निकाल द्यावा, अशी सगळ्यांची इच्छा होती.

हा प्रश्न एका गावाचा नाही. थोड्याफार फरकाने तो दरवर्षी अनेक मंडळांपुढे उभा राहतो. म्हणून नावगाव बाजूला ठेवून त्याचे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा खेळाडूला संघासोबत जरूर घ्यावे, परंतु दोन आठवड्यांच्या तयारीवर त्याला चढाईला पाठवू नये. असे का, ते आता पाहू.

चढाईत शरीराचे काय होते?

प्रेक्षकांना चढाई म्हणजे ३० सेकंदांचा खेळ वाटतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे चढाई करणाऱ्याच्या वाट्याला समोरच्यांचे अर्धे मैदान, साडेसहा मीटर. एवढ्याशा जागेत धावण्यापेक्षा थांबणे आणि वळणे जास्त असते. चढाईपटू वेगाने आत शिरतो, बोनस रेषेजवळ एका पायावर सगळा भार घेऊन थबकतो, कोपऱ्याकडे पाय फेकतो, अंग वळवतो आणि मध्यरेषेकडे झेप घेतो. त्याच क्षणी दोन-तीन गडी त्याचा घोटा, मांडी किंवा कंबर धरून उलट दिशेने ओढत असतात. दम कोंडलेला असतो तो वेगळाच.

या हालचालींचा भार दोन ठिकाणी येतो. पहिले म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. पाय लांब फेकताना आणि एकदम थांबताना तो ताणलेल्या अवस्थेतच जोर लावत असतो आणि अशाच वेळी फाटतो. दुसरे म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध. अस्थिबंध म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला आपण लिगामेंट म्हणतो. गुडघ्यात असे चार मुख्य पट्टे असतात. त्यांतला पुढचा आतला पट्टा, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग वळले की तुटतो. तुटताना पुष्कळांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो.

आता या गृहस्थाचा विचार करा. तीन वर्षांपूर्वी सामन्यात गुडघा वळला, आवाज आला, सूज आली, पुढे महिन्या-दोन महिन्यांत सूज उतरली आणि तो कामाला लागला. ‘गुडघा बरा झाला’ असे सगळ्यांनी मानले. वाचकहो, येथेच मोठी फसगत होते. एसीएल तुटलेला माणूस सरळ चालू शकतो, सायकल चालवू शकतो, डोक्यावर ओझे घेऊन बांधावरून जाऊ शकतो. हा पट्टा लागतो तो वळताना. रोजच्या कामात असे वळणे क्वचितच येते, म्हणून उणीव कळत नाही. चढाईत मात्र ती पहिल्या पाच मिनिटांत कळते. गुडघा ‘सटकतो’ आणि या सटकण्यात आतल्या गादीसारख्या चकत्या चिरडतात. चकती गेली की गुडघ्याची झीज लवकर सुरू होते. साठीत यायचे दुखणे चाळिशीत येते.

शेतात राबणारा माणूस खेळायला कमी कसा?

मंडळाच्या एका कार्यकर्त्याने मला हेच विचारले आणि प्रश्न रास्त आहे. दिवसभर कापूस वेचणारा, पाठीवर औषधाचा पंप घेऊन फवारणी करणारा माणूस शहरातल्या व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलापेक्षा काटक असतोच. पण काटकपणा वेगळा आणि झपाटा वेगळा. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश पण खूप वेळ काम करतात, तर काही झटक्यात जोर लावतात आणि लवकर थकतात. शेतीच्या कामाने पहिले तयार होतात. चढाईला दुसरे लागतात. वय वाढते तसे हे झटक्याचे तंतूच आधी बारीक होत जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे आकारमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात, आणि ही घट झटक्याच्या तंतूंत अधिक असते.

शंकरपट पाहणाऱ्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. औताला दिवसभर चालणारा बैल उत्तम असतो, पण म्हणून कोणी त्याला दोन आठवडे खुराक देऊन पटात उतरवत नाही. पटाचा बैल वेगळा आणि त्याची तयारीही वेगळी.

आणखी एक गोष्ट आहे. मांडीच्या मागचा स्नायू कोणाचा फाटतो, यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यात दोन कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात. एक म्हणजे वाढते वय आणि दुसरे म्हणजे आधी झालेली इजा. शिवाय ज्या शरीराला काही महिने झटक्याच्या हालचालींची सवय नाही, त्याच्यावर एकाएकी मोठा भार टाकला की इजेचा धोका वाढतो. आपल्या गड्याच्या बाबतीत वय, जुनी इजा आणि अचानक भार ही तिन्ही कारणे एकत्र येत आहेत.

अशा खेळाडूला पुन्हा तयार करायचे तर किमान सहा ते आठ आठवडे हवेत. पहिले दोन आठवडे साधे धावणे आणि उठाबशा, पुढचे दोन आठवडे थांबणे, वळणे आणि उड्या, त्यानंतर सरावाचे सामने, तेही आधी दहा मिनिटांचे आणि मग पूर्ण वेळेचे. हा झाला ज्याच्या गुडघ्याचा पट्टा शाबूत आहे त्याचा हिशेब. पट्टा तुटलेला असेल आणि शस्त्रक्रिया केली, तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने थांबावे, असे सांगितले जाते. दोन आठवड्यांत यातले काहीच बसत नाही.

एका रात्रीत तीन सामने

मोठ्या स्पर्धांत आणि आपल्याकडच्या स्पर्धांत एक महत्त्वाचा फरक आहे. तेथे दोन सामन्यांमध्ये एखाद-दोन दिवस तरी मिळतात. आपल्याकडे बहुधा उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने एकाच रात्री उरकतात. पूर्ण सामना म्हणजे २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटे विश्रांती. वेळ कमी केली तरी तीन सामन्यांचा भार थोडा नव्हे. रात्री दहाला अंग गरम केलेला खेळाडू साडेबाराला गारठ्यात बसून राहतो आणि पहाटे तीनला पुन्हा मैदानात उतरतो.

वीस-बावीस वर्षांचे शरीर हे कसेबसे सहन करते. पस्तिशी उलटलेल्याला थकवा भरून यायला जास्त वेळ लागतो. पहिल्या सामन्यात तो चार-सहा गुण आणीलही आणि मैदानाभोवती शिट्ट्या वाजतील. दुसऱ्या सामन्यात मांड्या भरून येतील. इजा होते ती बहुधा अशा थकलेल्या पायांना, म्हणजे नेमक्या अंतिम सामन्यात. त्यामुळे ‘तो एक सामना काढून देईल का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. तो तिसरा सामना खेळू शकेल का, हे विचारायला हवे.

मोठ्या मैदानावरचे दाखले

हे केवळ डॉक्टरांचे भित्रेपण आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून व्यावसायिक कबड्डीतले काही दाखले देतो. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासूनचा इतिहास आपल्या तरुणांना तोंडपाठ आहे.

प्रदीप नरवालचे नाव कोणाला माहीत नाही? २०१७ च्या हंगामात त्याने एकट्याने चढाईत ३६९ गुण मिळवले. २०२१ च्या लिलावात त्याला १ कोटी ६५ लाख रुपये मिळाले. तोच प्रदीप २०२५ च्या लिलावात कोणत्याही संघाने घेतला नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याचे वय होते अवघे २८. कारणे अनेक असतील, पण चढाईपटूची जवानी किती लहान असते, हे त्यावरून कळते.

अनुप कुमारने २०१५ मध्ये यू मुम्बाला विजेतेपद मिळवून दिले आणि २०१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अहमदाबादला विश्वचषक जिंकला. २०१८ मध्ये जयपूरच्या संघाने त्याला कर्णधार म्हणून घेतले. त्याच हंगामात, डिसेंबर महिन्यात, त्याने निवृत्ती पत्करली आणि जयपूरचा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. अनुपच्या डोक्यातली कबड्डी काही आटली नव्हती.

आता दुसरी बाजू पाहा. धर्मराज चेरलाथन याचा जन्म १९७५ चा. २०१६ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, कर्णधार म्हणून त्याने पाटणा पायरेट्सला विजेतेपद मिळवून दिले. मग वयाचा मुद्दा खोटा ठरला का? नाही. चेरलाथन बचावपटू. बचावात गडी समोरच्याची चाल ओळखून थांबतो आणि योग्य क्षणी पकड करतो. तेथे अनुभवाला मोल आहे. त्याच पाटण्याच्या संघात गुण आणायला तरुण प्रदीप होता.

२०२२ च्या फेब्रुवारीत दबंग दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असे एका गुणाने हरवून विजेतेपद पटकावले. त्या संघाची ‘म्हाताऱ्यांचा संघ’ म्हणून थट्टा झाली होती, कारण जोगिंदर नरवाल, जीवा कुमार, मनजीत छिल्लर असे तिशी केव्हाच ओलांडलेले खेळाडू त्यात होते. पण त्यांचा मुख्य भार बचावावर होता. अंतिम सामन्यात चढाईचे गुण आणले ते प्रामुख्याने विजय मलिक आणि नवीन कुमार या तरुणांनी. तरुण नवीनलाही त्या हंगामात गुडघ्याच्या दुखण्यामुळे काही सामने बाहेर बसावे लागले होते.

आपल्या शेतकरी वाचकांसाठी सातासमुद्रापारचाही एक दाखला देतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ पायाने नव्हे, चेंडू हातात घेऊन खेळतात. त्यात चेंडू छातीशी धरून समोरच्या फळीत घुसणारा एक गडी असतो. आपल्या चढाईपटूचा तो चुलतभाऊच म्हणा. जानेवारी २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या संघाने बाद फेरीच्या तोंडावर डॅल्विन कुक या एके काळच्या नामवंत खेळाडूला संघात घेतले. त्याचे वय होते २८. त्याला खेळायला फारसा वाव मिळाला नाही आणि संघ अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे कॅन्सस सिटीकडून हरला. तेथे डॉक्टर, व्यायामतज्ज्ञ, यंत्रे, पैसा यांपैकी कशाचीच वाण नाही. तरीही आयत्या वेळी आणलेला जुना गडी सगळे चित्र पालटू शकला नाही.

‘पण त्याची स्वतःचीच इच्छा आहे’

या मुद्द्यापाशी मंडळाचे बोलणे येऊन थांबते. खेळाडूची इच्छा असते हे खरे. गावाने पुन्हा हाक मारली, याचा आनंद कोणाला होणार नाही? तोही खोटा नाही. पण इच्छा आणि संमती यांत फरक आहे. आपला गुडघा तुटला तर काय होईल, किती खर्च येईल, किती दिवस कामाला जाता येणार नाही, हे सगळे कळल्यावर दिलेला होकार म्हणजे संमती. शिट्ट्या-टाळ्यांच्या भरात दिलेला होकार म्हणजे भीड.

हिशेब मांडून पाहा. कापसाची दुसरी-तिसरी वेचणी उभी आहे, मका काढायचा आहे, मजूर मिळत नाहीत. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाचा गुडघा गेला तर तपासणीसाठी जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. गुडघ्याचा एमआरआय, मग शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने व्यायाम. खासगी रुग्णालयात हा खर्च सहज लाखाच्या घरात जातो. बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारावे, पण योजनेत बसला तरी बुडालेली वेचणी काही परत येत नाही. करंडक मंडळाच्या कपाटात राहतो आणि गुडघा त्या माणसाच्या घरी जातो. म्हणून माझे म्हणणे असे की, जे मंडळ अशा खेळाडूला बोलावते, त्याने उपचाराच्या खर्चाची जबाबदारी आधी सर्वांसमोर कबूल करावी. तेवढी तयारी नसेल तर त्याला मैदानात बोलावण्याचा हक्कही नाही.

इंजेक्शन, उपास आणि छातीतली कळ

आता तीन गोष्टी, ज्या मैदानाच्या कडेला सर्रास घडतात.

एक, ‘सामन्यापुरते दुखणे थांबवा’ म्हणून डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक इंजेक्शन घेणे. वेदना ही शरीराची राखण आहे. कुत्र्याचे तोंड बांधले म्हणून चोर येत नाही असे नव्हे. इजा वाढत राहते, फक्त कळत नाही. घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना ही औषधे मूत्रपिंडालाही अपाय करतात. स्नायूबंधात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन लगेच खेळणे तर त्याहून घातक, कारण तो बंध कमजोर होऊन तुटू शकतो.

दोन, वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस उपाशी राहणे, पाणी तोडणे, अंगात जाड कपडे घालून पळणे. असा सुकवलेला खेळाडू मैदानात उतरला की पायात गोळे येतात, चक्कर येते आणि हृदयावर ताण पडतो. जुना खेळाडू एव्हाना पाच-दहा किलोंनी वाढलेला असतो आणि त्याला गटात बसवण्यासाठी हाच मार्ग धरला जातो. हे अजिबात करू नये.

तीन, हृदय. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंत मैदानावर अचानक मृत्यू झाला, तर त्यामागे बहुधा जन्मजात किंवा वंशपरंपरागत हृदयदोष असतो. पस्तिशीनंतर मुख्य कारण असते हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला अडथळा. तंबाखू, गुटखा, वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांनी हा धोका वाढतो. म्हणून पस्तिशीपुढच्या खेळाडूने मैदानात उतरण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. आलेख चांगला आला म्हणजे धोका मुळीच नाही, असेही समजू नये. धावताना छातीवर दाब येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जात असेल, विनाकारण दम लागत असेल, घेरी येत असेल, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खेळू नये.

मग ठरवायचे कसे?

मंडळांसाठी एक साधी कसोटी देतो. तिला यंत्र लागत नाही, टेप पुरते.

जुन्या खेळाडूने आधी चांगल्या पायावर उभे राहून त्याच पायाने पुढे उडी मारावी आणि त्याच पायावर स्थिर उतरावे. अंतर मोजावे. मग दुखऱ्या पायाने तसेच करावे. चांगल्या पायाची उडी १०० सेंटीमीटर असेल तर दुखऱ्या पायाची निदान ९० हवी. उतरताना गुडघा आत वळला, थरथरला किंवा मनात भीती वाटली, तरी उत्तर ‘नाही’ असेच समजावे. त्यानंतर वेगाने दहा पावले धावून एकदम थांबणे आणि उलट वळणे, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. गुडघा एकदाही सटकला किंवा दुसऱ्या दिवशी सुजला, तर मैदान बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

या कसोटीत तो उतरला, तरी एक अट राहतेच. मागचे सहा आठवडे त्याने नियमित सराव केलेला असावा. कसोटी, सराव आणि हृदयाची तपासणी ही तिन्ही जमली, तरच त्याला बदली खेळाडू म्हणून घ्यावे, कोपऱ्यात उभे करावे आणि अगदी निकडीच्या वेळी एखादी चढाई द्यावी. माझ्याकडे आलेल्या मंडळाच्या गड्याने सराव केलेला नव्हता आणि त्याचा गुडघा पायऱ्या उतरतानाही सटकत होता. त्यामुळे त्याच्याबाबत माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे होते.

त्यांच्या पहिल्या चढाईपटूच्या घोट्याबद्दलही दोन शब्द. मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. हाड शाबूत असेल तर सूज उतरताच हलके चालणे सुरू करावे, एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा आणि वर सांगितलेली उडीची कसोटी जमल्याशिवाय त्यालाही खेळवू नये. तरुण आहे म्हणून घोटा वज्राचा होत नाही.

‘मग चढाई करायची कोणी?’ असे मंडळ विचारील. संघातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईपटूने करावी. येथे जुन्या खेळाडूचा खरा उपयोग आहे. नवा गोऱ्हा शिकवताना आपण त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो, तसे या दोघा-तिघा मुलांना त्याच्या हाती द्यावे. कोणता कोपरा उतावीळ आहे, तिसऱ्या चढाईला कोणावर जायचे, आघाडी असताना वेळ कसा काढायचा, हे दोन आठवड्यांत शिकवता येते. दोन आठवड्यांत गुडघा तयार होत नाही, पण डोके होते.

पुढच्या वर्षी हा प्रश्नच येऊ नये, यासाठी पावसाळ्यापासून तयारी हवी. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक उत्तम व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, मागून सोबत्याने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरावेत आणि पाठ ताठ ठेवून शरीर जमेल तितके सावकाश पुढे झुकवत न्यावे. शेवटी हात टेकून अंग सावरावे. सुरुवातीला पाच वेळा, आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू संख्या वाढवावी. जे संघ हा व्यायाम नियमित करतात, त्यांच्यात या स्नायूच्या इजा जवळजवळ निम्म्यावर येतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला खर्च काहीच नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही विनंती आहे. एका रात्रीत एका संघाचे दोनपेक्षा जास्त सामने ठेवू नका. मैदानातले खडे वेचा, माती भुसभुशीत करा. मैदानाजवळ एक वाहन तयार ठेवा आणि १०८ क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. कोणी कोसळला, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास चालत नसेल, तर पाणी पाजत बसू नका, कांदा हुंगवू नका. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. मंडळातल्या चार मुलांनी हे ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन शिकून घ्यावे. एक तास पुरतो.

जुन्या खेळाडूंना शेवटी एवढेच सांगेन. गावाने बोलावले तर जरूर जा, मुलांना शिकवा, मैदानाच्या कडेला बसून ओरडा. चढाईला जा असा आग्रह झाला, तर आधी माझ्याकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे येऊन गुडघा आणि छाती दाखवून घ्या. आणि मंडळी फारच मागे लागली, तर ‘डॉक्टरांनी नको म्हटले आहे’ असे खुशाल माझे नाव पुढे करा.